पाहुण्याचा पैसा गावात कुठवर पोचतो?

प्रश्न असा आला आहे: "आमचं गाव पुण्यापासून सत्तर किलोमीटरवर आहे. आम्ही बारा शेतकरी मिळून सामुदायिक कृषी पर्यटन सुरू करायचं म्हणतोय. ग्रामसभेत विषय काढला तर एकाने विचारलं, यातून फायदा नेमका कोणाचा? जमीनवाल्यांचा की गावाचा? आम्हाला नीट उत्तर देता आलं नाही."

ज्याने हा प्रश्न विचारला त्याला आधी तुमच्या समितीत घ्या. मी शिरूर-जुन्नर पट्ट्यात सतरा-अठरा वर्षं हे काम करतोय. आधी स्वतःच्या चार एकरांत केलं, नंतर आजूबाजूच्या गावांना बसवून दिलं. हा प्रश्न सुरुवातीलाच विचारणारी गावं फार थोडी भेटली. बहुतेक गावांत तो तिसऱ्या-चौथ्या वर्षी निघतो, आणि तेव्हा तो भांडणातूनच निघतो.

जे होईल ते होऊ दिलं तर फायदा तिघांचा होतो. ज्याची जमीन रस्त्याला लागून आहे आणि विहिरीला उन्हाळ्यातही पाणी आहे, तो पहिला. ज्याच्या मोबाइलवर बुकिंग येतं तो दुसरा. बऱ्याचदा हे दोघे एकच असतात. आणि तिसरा तालुक्याच्या बाजारपेठेतला किराणा दुकानदार. बाकी गावाच्या वाट्याला गाड्यांची वर्दळ आणि चार-दोन जणांना शनिवार-रविवारची मजुरी. ठरवून केलं तर हे बदलतं. पण जे ठरवायचं ते पहिला पाहुणा यायच्या आधी. पैसा एकदा एका घरात जायला लागला की तो सोडवून घेणं फार जड जातं.

एका दिवसाचा हिशेब मांडून दाखवतो. आकडे समजण्यासाठी धरले आहेत, पण ते आमच्याकडच्या व्यवहाराला धरून आहेत. जानेवारीतला रविवार, हुरड्याला चाळीस माणसं, माणशी सहाशे रुपये. म्हणजे चोवीस हजार आले. त्यातले पंधरा टक्के, म्हणजे तीन हजार सहाशे, पाहुणे पाठवणाऱ्या शहरातल्या एजंटाचे. तेल, डाळी, मसाले, पत्रावळ्या, पाण्याचे जार असा बाजारपेठेतला किराणा चार हजार दोनशेचा. गॅस, डिझेल, लाइट मिळून चौदाशे. एवढ्यातच नऊ हजार दोनशे गावाबाहेर गेले.

आता गावातलं बघा. स्वयंपाकाच्या पाच बायकांना चारशेप्रमाणे दोन हजार. आगटी, म्हणजे हुरडा भाजायचा निखाऱ्यांचा खड्डा, सांभाळणाऱ्या दोन पोरांना एक हजार. बैलगाडीवाल्याला आठशे. पंधरा किलो हुरडा दोनशे रुपयांनी शेजारच्या शेतातून घेतला, त्याचे तीन हजार. दूध, दही, भाजी दीड हजाराची. ऊस, बोरं, हरभऱ्याचा डहाळा पाचशेचा. हे झाले आठ हजार आठशे. केंद्राच्या मालकाकडे उरले सहा हजार. त्यातून शेडचा हप्ता, संडास-बाथरूमची दुरुस्ती आणि आठवड्याचे पाच दिवस रिकामं राहणारं केंद्र जपण्याचा खर्च.

इथवर हिशेब बरा दिसतो. पण त्यात दोनच गोष्टी बदला. मालकाने हुरडा, दूध, भाजी, ऊस सगळं स्वतःच्याच रानातलं वापरलं तर त्याच्याकडे अकरा हजार राहतात आणि बाकी गावाकडे तीन हजार आठशे. आणि त्याने तालुक्याचा केटरर बोलावून हुरडा आणि ऊस-बोरंही बाजारातून आणली, दूध पाकिटाचं घेतलं, तर गावाच्या हातात पोरांचे आणि गाडीवाल्याचे मिळून अठराशेच उरतात. पाहुण्याला तिन्ही दिवस सारखेच वाटतात. तो तितकाच हुरडा खातो, तितकेच पैसे देतो आणि "गावाला हातभार लावला" या समाधानात घरी जातो.

म्हणून पाहुणे किती आले हे मी कोणाला पहिल्यांदा विचारत नाही. दूध कुठून आणता, हे विचारतो. त्याचं कारण माझ्याच घरचं आहे. पहिली दोन वर्षं मी चहाला पिशवीचं दूध आणत होतो. एकाच चवीचं, मोजून मिळतं, नासत नाही, हा विचार. शेजारच्या वहिनींकडे चार म्हशी. त्यांचं दूध रोज सकाळी किटलीतून संकलन केंद्रावर जायचं आणि फॅट लागेल तो भाव यायचा. एके दिवशी त्यांनी बांधावरूनच विचारलं, "भाऊजी, आमचं दूध पाव्हण्यांना चालत नाही का?" मला उत्तर देता आलं नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यांचं दूध सुरू केलं, संकलन केंद्रापेक्षा लिटरमागे दहा रुपये जास्त देऊन. पुढे त्या खरवस करायला लागल्या, तूप कढवायला लागल्या. चहाच्या दुधापेक्षा पाहुण्यांच्या डिकीत जाणाऱ्या तुपाने त्यांच्या घरात जास्त पैसा आणला.

हा डिकीतला माल फार महत्त्वाचा आहे. जेवणाचा आणि मुक्कामाचा पैसा केंद्रावर येतो, म्हणजे एका जागी येतो. पण पाहुणा निघताना ज्वारी, काकवी, गावरान अंडी, कुरडया, शेवया, लसणाची चटणी घेतो तेव्हा तो पैसा ज्या घरचा माल त्या घरात जातो. आमच्याकडे चिंचेखाली एक मोठं टेबल आहे. प्रत्येक पिशवीवर घरवालीचं नाव आणि किंमत, पैसे वेगवेगळ्या डब्यांत. केंद्र त्यातून एक रुपयाही घेत नाही. गुंठाभरही जमीन नसलेल्या घराला यात जागा मिळते, कारण कुरडया घालायला जमीन लागत नाही.

आता बायकांबद्दल, कारण सर्वांत जास्त काम त्यांचं आणि सर्वांत कमी हिशेब त्यांचाच. पाहुणे सकाळी नऊला येतात, पण चूल पाचला पेटलेली असते. चाळीस माणसांना शंभरभर भाकरी लागतात. प्रत्येक भाकरी हाताने थापलेली, तव्यावर टाकून वरून पाणी लावलेली, मग निखाऱ्यावर फुगवलेली. पाहुणा उभा राहून व्हिडिओ काढतो, कौतुक करतो. ते कौतुक खरं असतं. पण घरातल्याच सुनेने त्या भाकरी केल्या असतील तर तिला मजुरी कोण देतं? घरच्या बाईचं काम खर्चात धरलंच जात नाही, म्हणून धंदा फायद्यात दिसतो. होमस्टेमध्ये तर हे जास्तच. पैसे नवऱ्याच्या खात्यावर येतात आणि पाहुणे गेल्यावर चादरी धुवायला बसते ती बाई. मी बघितलेल्या कित्येक केंद्रांच्या नफ्यात घरच्या दोन-तीन बायकांची न दिलेली मजुरी दडलेली आहे. ती वजा केली तर काही केंद्रं तोट्यात निघतील.

आम्ही काय केलं, तर स्वयंपाक पूर्णपणे बचत गटाकडे दिला. घरच्या बाईने केला तरी तिने गटाची सदस्य म्हणून करायचा. आधी रोजाने पैसे द्यायचो, नंतर बायकांनीच सांगितलं की भाकरीमागे दर ठरवा, भाजी-आमटीचा वेगळा. पैसे गटाच्या खात्यावर, तिथून सदस्याच्या खात्यावर. 'उमेद'चे, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाचे, किंवा महिला आर्थिक विकास महामंडळाचे गट तुमच्या गावात बहुतेक असतीलच; नवीन गट काढत बसू नका, आहे त्यालाच काम द्या. सिंधुदुर्गात वेंगुर्ल्याच्या स्वामिनी बचत गटाच्या बायका मांडवी खाडीत कांदळवनाची सफर घडवतात. तिथे काम बायकांचं आणि उत्पन्नही बायकांच्या गटाचं.

दुसरी गोष्ट भूमिहीन घरांची, आणि ती मला स्पष्टच लिहावीशी वाटते. 'सामुदायिक' म्हणताना समुदाय कोणता? मी अशी गावं बघितली आहेत जिथे बाराच्या बारा होमस्टे गावठाणातल्या दोन आळ्यांत आहेत आणि वस्तीवर एकही नाही. वस्तीवरच्या बाईला भांडी घासायला बोलावतात, भाकरी थापायला बोलावत नाहीत. पाहुण्याने कधी तशी अट घातलेली नसते, गावच ठरवून टाकतं. तुमच्या बारा जणांच्या यादीकडे याही नजरेने एकदा बघा. सगळे एकाच भावकीतले असतील तर ते भावकीचं पर्यटन होईल, गावाचं होणार नाही. कलावंतांचंही तसंच. गोंधळी, वाघ्या-मुरळी, गजनृत्य करणारे धनगर यांना बोलावलं तर ठरलेली सुपारी आधी द्या. "पाहुणे खूश होऊन देतील" असं म्हणून त्यांना बक्षिसीवर सोडू नका.

बाहेरची चार उदाहरणं सांगतो. आपल्याला शिकण्यासारखं त्यांत पुष्कळ आहे.

रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यातलं वेळास बघून या. 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेने तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी जपायला सुरुवात केली आणि 2006 पासून कासव महोत्सव सुरू झाला. पिल्लं समुद्रात जाताना बघायला लोक येतात आणि गावातल्याच घरांत उतरतात, घरचंच साधं जेवण जेवतात. बाहेरच्याने येऊन हॉटेल बांधलं आणि सगळा पैसा तिकडे गेला, असं तिथे झालेलं नाही. कासव कोणाच्या सात-बाऱ्यावर नाही, किनारा सगळ्यांचा. ज्या गोष्टीसाठी पाहुणा येतो ती सामाईक असली की 'माझ्यामुळे आले' असं कोणालाच म्हणता येत नाही, आणि वाटणीची भाषा सोपी होते. तरीही एक मेख आहे: पाहुणा सामाईक किनाऱ्यासाठी आला तरी पैसा त्याच घरात जातो जिथे एक जादा खोली आणि नीट संडास आहे. म्हणून मी गावांना सांगतो, पहिलं कर्ज कमानीसाठी किंवा स्विमिंग पूलसाठी काढू नका. ज्या घरांत खोली आहे पण संडास धड नाही, त्यांच्या संडासासाठी काढा. गावातली पाच जादा घरं धंद्यात येतात.

अकोले तालुक्यातलं पुरुषवाडी हे महादेव कोळ्यांचं गाव. पावसाच्या तोंडावर काजवे बघायला तिथे लोक जातात. तिथे पाहुणे घरांमध्ये पाळीने दिले जातात. ही पाळी फार मोलाची आहे. पाहुण्याला घर निवडू दिलं की फोटोत चांगलं दिसणारं घर प्रत्येक वेळी भरतं आणि मागच्या आळीतलं रिकामं राहतं. पाळी लावली तर थोडी तक्रार येते, एखाद्या घरचा स्वयंपाक कमी-जास्त होतो, पण पैसा फिरत राहतो.

महाबळेश्वरजवळचं भिलार 4 मे 2017 रोजी पुस्तकांचं गाव झालं. सुरुवातीला पंचवीसेक जागांवर, म्हणजे घरांत, देवळांत, शाळेत पुस्तकं ठेवली गेली. वाचायला पैसे लागत नाहीत. मग फायदा कसा? भिलार मुळात स्ट्रॉबेरीचं गाव. आलेला माणूस पुस्तक चाळतो, स्ट्रॉबेरी घेतो, चहा-जेवण घेतो, कोणी मुक्कामही करतो. पण नुसती पुस्तकं ठेवायला दिवाणखाना देणारं घर आणि शेजारी जेवण विकणारं घर यांचा फायदा सारखा नसतो. पाहुणा ज्याच्यामुळे येतो आणि पैसा ज्याच्याकडे जातो ती दोन वेगळी माणसं असू शकतात. मोर बघायला लोक तुमच्याकडे येणार असतील, तर ज्या शेतकऱ्याच्या ज्वारीत ते मोर चरतात त्याला काय मिळणार, हे आधी बोला.

केरळात कुमरकोमला 2008 च्या सुमारास 'जबाबदार पर्यटना'चा प्रयोग सुरू झाला. तिथे मोठी हॉटेलं आधीपासून होती, पण भाजी बाहेरून यायची. कुटुंबश्री या तिथल्या बचत गटांच्या सरकारी योजनेतल्या बायकांनी भाजी पिकवायची आणि हॉटेलांनी ती घ्यायची, असं ठरलं. भाव आणि दर्जा एकत्र बसून ठरवले. आपल्या तालुक्यात एखादं रिसॉर्ट असेल तर स्वतःचं केंद्र न काढताही गावाला पर्यटनातून पैसा मिळू शकतो. कोथिंबीर, अंडी, दूध, भाकरी यांचा रोजचा पुरवठा करार करून घ्या. शनिवार-रविवारच्या पाहुण्यापेक्षा हा पैसा जास्त खात्रीचा.

बाहेरून येणाऱ्या पैशाबद्दलही सांगायला हवं. गाव थोडं नावारूपाला आलं की जमिनी बघणारे येतात. आपल्याकडे कुळकायद्यामुळे शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही, पण शहरात राहणारे, शेतकरी असल्याचा दाखला असलेले लोक कमी नाहीत. ते पाच एकर घेतात, तारेचं कुंपण घालतात, व्यवस्थापक नेमतात. फलकावर 'कृषी पर्यटन' असतं, पण शेती नावापुरती. जमीन विकणाऱ्याला एकदाच पैसा मिळतो, आणि वाट्याने कसणाऱ्याचं रान जातं. इटलीने 1985 मध्येच कृषी पर्यटनाचा वेगळा कायदा केला, आणि त्यातलं मुख्य तत्त्व असं की शेती हा मुख्य धंदा राहिला पाहिजे, पर्यटन त्याला जोड. मला ते तत्त्व अगदी पटतं. आपल्या राज्याच्या 2020 च्या कृषी पर्यटन धोरणात एक एकरापासून नोंदणीची सोय आहे, आणि एकट्या शेतकऱ्याबरोबर शेतकऱ्यांच्या सहकारी संस्था आणि कंपन्याही नोंदणी करू शकतात. तुम्ही बारा जण आहात तर हा दुसरा रस्ता धरा. केंद्र एकाच्या नावावर आणि बाकीचे अकरा 'सोबत' असं करू नका. पहिल्या कर्जाच्या वेळी बँक ज्याच्या नावाला कर्ज देते तोच मालक होतो, तोंडी काहीही ठरलेलं असो. आणि ज्या जागेवर शेड उभी राहणार तिच्या सात-बाऱ्यावर भावांची, बहिणींची नावं असतील तर त्यांच्या सह्या आत्ताच घ्या.

बुकिंगचा मोबाइल एका माणसाचा खासगी नसावा. संस्थेचा नंबर, संस्थेचं खातं, आणि कोणत्या तारखेला किती पाहुणे आले ते ग्रामपंचायतीबाहेरच्या फळ्यावर दर सोमवारी लिहायचं. आमच्याकडे तिसऱ्या वर्षी जे भांडण झालं ते पैशाच्या वाटणीवरून नव्हतं, किती पैसे आले हे कोणालाच माहीत नव्हतं म्हणून होतं. फळा लावला आणि निम्मी कुजबुज थांबली. पाहुणे एजंटाकडून न येता थेट यायला लागले की वरच्या हिशेबातले तीन हजार सहाशे वाचतात. पाच बायकांच्या मजुरीपेक्षा ते सोळाशे रुपयांनी जास्त आहेत. त्यातूनच माणशी पंचवीस रुपये गावनिधीला काढा. चाळीस माणसांमागे हजार रुपये होतात आणि प्लास्टिक उचलणाऱ्याचा पगार निघतो. नाहीतर पाहुण्यांचा कचरा ज्यांना एक रुपया मिळत नाही त्यांच्याच दारात उडत बसतो, आणि गावाचा विरोध सुरू होतो तो तिथूनच.

जास्त आशा मात्र लावून घेऊ नका. वर्षात शनिवार-रविवार मिळून एकशे चारच दिवस. त्यातला उन्हाळा बराचसा कोरडा जातो, आणि कांदा काढणीच्या दिवसांत माणसं मिळत नाहीत. पर्यटनाच्या भरवशावर शेती सोडता येत नाही, शेतीला हातखर्च तेवढा मिळतो. जे शेतकरी शेती कमी करून पर्यटनावर बसले त्यांचं केंद्रही दोन-तीन वर्षांत उतरलं, कारण पाहुण्याला दाखवायला शेतच उरलं नाही.

तुम्ही यंदाच्याच हंगामात सुरू करायचं म्हणत असाल तर पहिली बैठक हुरड्याच्या पेरणीची घ्या. ज्वारीचं कणीस पेरणीपासून साधारण तीन महिन्यांत हुरड्याला येतं, आणि त्याचा कोवळेपणा आठवडाभरच टिकतो. पुढे दाणा कडक होतो, चोळून निघत नाही. एकाच शेतकऱ्याने एकदम पेरली तर त्याची एक-दोन आठवडेच चंगळ. बारा जणांनी प्रत्येकी पाच-पाच गुंठे, सप्टेंबरच्या मध्यापासून आठ-आठ दिवसांच्या अंतराने पेरले, तर डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या शेवटापर्यंत दर रविवारी कोणा ना कोणाच्या रानात आगटी पेटेल. ज्याचं रान हुरड्याला आलं त्याच्या बांधावर पाहुणे न्यायचे आणि त्या दिवशीच्या हुरड्याचे पैसे त्याला. रस्त्यापासून लांब रान असलेल्याची पेरणी शाळांच्या सहलींच्या दिवसांत येईल अशी ठेवा. पोरं लांब चालतात, त्यांना बैलगाडीही हवीच असते. हुरड्याच्या ज्वारीचा वाण सुरती की गुळभेंडी हे ज्याचं त्याने ठरवावं. पण कोणाची पेरणी कोणत्या आठवड्यात, हे सगळ्यांसमोर कागदावर लिहा आणि खाली बाराही सह्या घ्या. ग्रामसभेत प्रश्न विचारणाऱ्या त्या गृहस्थांची तेरावी.